चौदा थांबे

वैजयंता गेल्याचं मल्हारी आवटीला कळलं तेव्हा तो तिच्याच कागदांच्या प्रती काढत होता. जिल्ह्याच्या रुग्णालयात सकाळी त्याला सांगितलं होतं, बाईंच्या जुन्या रिपोर्टांच्या तीन-तीन प्रती लागतील, दुपारपर्यंत आणा. रुग्णालयासमोर झेरॉक्सची दोन दुकानं होती. पण मल्हारीचं स्वतःचं दुकान होतं, शिरटेकच्या तहसील कचेरीला लागून, आणि बायकोचे असले कागद परक्याच्या हातात द्यायची त्याला सवय नव्हती. म्हणून तो एस.टी.नं पन्नास किलोमीटर परत आला, शटर अर्धं वर केलं आणि मशीन गरम व्हायची वाट बघत उभा राहिला. चौथं पान काचेवर असताना फोन आला. नर्सनं विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?" तो म्हणाला, "नवरा." पुढं ती जे बोलली ते त्यानं ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि उरलेल्या सहा पानांच्याही तीन-तीन प्रती काढल्या. कशासाठी काढल्या ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

वैजयंताला एचआयव्ही होऊन बावीस वर्षं झाली होती. पहिला नवरा टँकरवर ड्रायव्हर होता. तो गेला आणि त्याचा आजार तिच्यात राहिला. मल्हारीनं हे सगळं ठाऊक असून तिच्याशी लग्न केलं होतं. रोजची गोळी चुकली नाही तर विषाणू दबून राहतो आणि दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं आणि सोळा वर्षांत मल्हारीची तपासणी एकदाही बिघडली नव्हती. गेल्या वर्षी मात्र तिच्या जुन्या गोळ्या चालेनाशा झाल्या. रक्तातल्या लढणाऱ्या पेशी साडेपाचशेवरून एकशेचाळीसवर आल्या. नव्या गोळ्या सुरू झाल्या, आणि ताकद भरून येईपर्यंत फुफ्फुसांना राखण म्हणून सल्फाची मोठी पांढरी गोळी. तीही ती न चुकता घ्यायची. तरी दोन महिने कोरडा खोकला झाला, मग ताप आला, आणि मग नऊ दिवसांत सगळं आटोपलं.

पाचव्या दिवशी सकाळी एक तरुण बाई दारात येऊन उभी राहिली. पाठीवर सॅक, तोंडाला मास्क, पायात धुळीनं भरलेले बूट.

"काका, मी डॉक्टर तहसीन मुजावर. जिल्ह्याच्या साथरोग पथकात असते. अशा वेळी येऊ नये, पण मला थांबता येत नाही."

"बसा."

"तुमच्या घरात माणसं किती?"

"दोन," तो म्हणाला. मग म्हणाला, "एक."

"माझ्या यादीत अडतीस आहेत."

मल्हारी हसला. पाच दिवसांत पहिल्यांदाच हसला, आणि हसू आल्याचं त्याचं त्यालाच विचित्र वाटलं. दीड खोली, एक मोरी, खिडकीशी शिलाई मशीन. अडतीस माणसं बसायचीसुद्धा नाहीत.

तहसीननं टॅबलेट त्याच्यापुढे धरला. पडद्यावर शिरटेकचा नकाशा होता आणि लोहार गल्लीतल्या त्याच्या घरावर एक लालभडक ठिपका.

"जिल्ह्याच्या एचआयव्ही केंद्रात ज्यांची नावं आहेत त्यातल्या अडतीस जणांनी हाच पत्ता दिलाय. घर नंबर दोनशे बारा. त्या अडतीसपैकी नऊ जण दहा आठवड्यांत एकाच न्यूमोनियानं आजारी पडले. तुमच्या मिसेस धरून चौघं गेले. यंत्र म्हणतंय, साथीचं मूळ या घरात आहे."

मल्हारीला अडतीसचा उलगडा लगेच झाला. 

वैजयंता साड्यांना फॉल-पिको करायची. गावोगाव जाऊन साड्या गोळा करायची, आठवड्यानं परत द्यायची. काही साड्यांच्या घडीत तिनं केंद्रातून आणलेली औषधाची पाकिटं असायची. मधेच औषध सोडून दिलेली, आजार वाढल्यावर परत घाबरून आलेली, पण केंद्राच्या रांगेत उभं राहायला तयार नसलेली माणसं तिनं अशी धरून ठेवली होती. ती म्हणायची, "पत्ता विचारला की लोकांच्या पोटात गोळा येतो. उद्या तपासायला कोणी दारात आलं तर काय करायचं? पत्त्यापायी औषध सोडतात. मग मी म्हणते, माझा द्या. कागदाला काय, कुठला तरी पत्ता लागतो." केंद्रातल्या बाईंनाही ते कळत असावं. पण औषध नियमानं जातंय एवढं त्यांना पुरेसं होतं.

ती साधी सोय होती. दहा वर्षं तिनं कुणाचं वाकडं केलं नव्हतं. आता यंत्र तोच कागद वाचून बोलत होतं.

"कसलं यंत्र?" मल्हारीनं विचारलं.

त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण चुलीत फुंकायच्या नळीसारखी त्याला नळी असल्यामुळे सगळे त्याला फुंकणीच म्हणत. तहसीनही तेच म्हणाली. तीन वर्षांपूर्वी प्रत्येक जिल्ह्याला एकेक फुंकणी आली होती. माणसानं दोन मिनिटं नळीत श्वास सोडायचा. आतल्या जाळीवर श्वासातले कण अडकतात आणि त्या कणांमध्ये कुठल्या जंतूंचे जनुकीय तुकडे आहेत ते यंत्र अक्षर न् अक्षर वाचतं.

"हा न्यूमोनिया एका बुरशीमुळे होतो," ती म्हणाली. "ती हवेतून जाते, माणसाकडून माणसाकडे. धडधाकट माणसाच्या छातीत ती महिनाभर मुक्काम करते आणि निघून जाते. त्याला कळतही नाही. पेशी दोनशेच्या खाली गेलेल्या माणसाला मात्र ती मारते. म्हणून त्यांना पांढरी गोळी देतात. पण या बुरशीनं आपल्यात दोन अक्षरं बदलून घेतलीत. पांढऱ्या गोळीला ती आता दाद देत नाही."

"आणि मूळ कसं कळतं?"

"बुरशी वाढते म्हणजे स्वतःच्या नकला काढते. नकलेत कधीतरी एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांमध्ये..."

"काचेवर केस पडल्यासारखं," मल्हारी म्हणाला. "काचेवर केस पडला की पुढच्या सगळ्या प्रतींवर तो उमटतो. त्यातली प्रत कुणी दुसऱ्या दुकानात नेऊन तिची झेरॉक्स काढली तर केस येतोच, वर त्या मशीनचा डाग येतो. कागद बघून मी सांगतो, कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून निघाली."

तहसीननं मान वर केली. "तीन वर्षं मी लोकांना हे समजावतेय. इतक्या सोप्या शब्दांत मला नव्हतं जमलं."

मग तिनं खरं काम सांगितलं. एकोणतीस जण अजून धड होते. ते पांढऱ्या गोळीवर विसंबून होते आणि ती गोळी आता खडूच्या तुकड्याइतकीच कामाची होती. त्यांना पिवळं पातळ औषध द्यायला हवं होतं, रोज जेवणाबरोबर, तेलातुपाच्या घासासोबत. बाटल्या तयार होत्या. पण केंद्राच्या वहीत एकोणतिसांचा पत्ता हाच, फोन नंबर वैजयंताचाच, आणि बहुतेकांची नावंही खोटी.

"त्यांच्याकडे दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या असतील, त्या संपेपर्यंत ते कुणाकडे येणार नाहीत. संपल्यावरही येतील की नाही, माहीत नाही. काका, तुम्हाला यातलं कुणी ठाऊक आहे?"

"नाही," मल्हारी म्हणाला.

ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी तोच तिला स्कूटरवरून न्यायचा. पण प्रत्येक गावाच्या अलीकडे एखाद्या फाट्यावर, झाडाखाली, टाकीपाशी ती उतरायची आणि म्हणायची, "तुम्ही इथंच थांबा." पहिल्या वर्षी त्यानं एकदा मागोमाग यायचं म्हटलं तेव्हा ती रस्त्यातच थांबली. "अहो, घर बघितलं की नाव कळतं. नाव कळलं की एखाद दिवशी तोंडातून जातं. तुम्ही वाईट म्हणून नव्हे, तोंडच तसं असतं." तेव्हापासून तो थांबायचा. मंगळवारचे सात थांबे, शुक्रवारचे सात. घर त्याला एकही ठाऊक नव्हतं. थांबे चौदाच्या चौदा ठाऊक होते.

तिनं केंद्रातल्या बाईंना खोटे पत्ते दिले, पण लोकांना दिलेला शब्द तिनं पाळला होता. तो आपण मोडायचा का? आणि तोही सरकारी माणसापुढे? मल्हारीनं ठरवलं, बोलायचं नाही.

सोमवारी पथक गल्लीत आलं. साथ नियंत्रण अधिकारी कुलथे हे कामाला वाघ, पण नकाशात दिसेल तेवढंच खरं मानणारे होते. त्यांनी गल्लीच्या दोन्ही तोंडांना पट्ट्या लावल्या. पांढरे झगे घातलेली माणसं घराघरात शिरली. सव्वाशे माणसांनी फुंकणीत श्वास सोडला; मल्हारी दुकानात होता, तो तेवढा राहून गेला. कुणाच्याच श्वासात काही निघालं नाही. पण कशाची तपासणी चाललीय ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

नळावर हौसाकाकूनं त्याला गाठलं. "काय रं मल्हारी, तुझ्या घरात अडतीस माणसं हैत म्हणं? एवढी वर्षं शेजारी राहून मला कधी चहाला न्हाई बोलावलंस!"

ती थट्टा करत होती. तिच्या मागं उभी असलेली सून करत नव्हती. तिनं आपली घागर त्याच्या घागरीपासून वीतभर लांब सरकवली. संध्याकाळी त्याच्या दाराबाहेरची सामाईक दोरी कुणीतरी सोडून नेली आणि त्याचे वाळत घातलेले दोन शर्ट पायरीवर घडी करून ठेवले. घडी नीट होती. शिवी दिली असती तर मल्हारीला ते सोसलं असतं.

वैजयंताचा फोन तिच्या चेहऱ्यानं उघडायचा. तो आता उघडत नव्हता. कंपनीकडून उघडून घ्यायला कोर्टाचा कागद लागणार होता आणि त्याला दोन महिने. पण आलेला फोन घेता यायचा. मल्हारी तो चार्ज करून दुकानात जवळ ठेवायचा. दोन दिवसांत चारदा वाजला. चारही वेळा त्यानं "हॅलो" म्हटलं आणि पुरुषाचा आवाज ऐकताच समोरच्यानं फोन ठेवला. चौथ्या वेळी ठेवण्याआधी कुणीतरी खोकलं. कोरडं, लहानसं, घशाच्या वर न येणारं खोकणं. ते त्याच्या ओळखीचं होतं. दोन महिने त्यानं ते घरात ऐकलं होतं.

त्यानं परत लावायला बघितलं, पण पडदा चेहरा मागत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीनचा फोन आला. तिचा आवाज थकलेला होता. "काका, तुमच्या घरातलं दहावं माणूस आलं. सव्वीस वर्षांची मुलगी आहे. पत्ता, दोनशे बारा लोहार गल्ली. ऑक्सिजनवर ठेवलीय."

"काल दुपारी ती फोन करत होती का?"

"मला कसं कळणार?"

मल्हारीनं फोन ठेवला नाही. मशीनच्या काचेवर हात टेकला. मग म्हणाला, "मला घरं ठाऊक नाहीत. नावं ठाऊक नाहीत. पण ती कुठं उतरायची ते ठाऊक आहे. त्यानं काही होतं का?"

मग तहसीन म्हणाली, "मी निघाले."

फुकट गेलेल्या प्रतींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं चौदा थांबे काढून दिले. खैरवाडीचा फाटा. पवनचक्की नंबर एकोणीस. तिकुंड्याची पाण्याची टाकी. डाळिंबाच्या शेडपाशी. प्रत्येकापुढे वार लिहिला आणि तिला लागायचा वेळ. ते लिहिताना त्याचा हात थांबला.

"काय झालं?"

"खैरवाडीचं काम दहा मिनिटांचं. तीन महिन्यांपूर्वीपासून अर्धा तास लागायला लागला. मला वाटलं, गप्पा मारत बसते. मी एकदा बोललोही तिला, लोकांच्या चुलीपाशी काय एवढं असतं म्हणून."

तहसीन समजली. वैजयंता चढावर दम खायला थांबत होती. लोकांच्या घरात बसून, खोकत, पाणी पीत.

दहा आजाऱ्यांपैकी जगलेल्या सहाही जणांना तहसीननं गाठलं. पुढ्यात चौदा थांबे ठेवून विचारलं, तुमचा कुठला? ऑक्सिजनवरच्या मुलीनंही बोट ठेवलं. नाव-गाव सांगायला जे तयार नव्हते तेही बोट ठेवायला तयार झाले. कुठली नक्कल कुठल्या नकलेवरून निघाली ते दाखवणाऱ्या फुंकणीच्या वंशवृक्षावर तिनं ते बसवले तेव्हा लोहार गल्लीवरचा लाल ठिपका फुटून थांब्यांवर विखुरला. मंगळवारचे थांबे एका फांदीवर गेले, शुक्रवारचे दुसऱ्या. दोन्ही फांद्या एकाच खोडातून निघाल्या होत्या.

तिनं पडदा त्याच्याकडे वळवला नाही. मल्हारीनंच तो वळवून घेतला.

"हे खोड म्हणजे ती?"

"हो."

"म्हणजे तिनं दिलं त्यांना."

"तिच्यातून गेलं, काका. तिच्यात कुठून आलं ते कळत नाही. बसमध्ये, बाजारात, केंद्राच्या बाकावर, कुठूनही."

"पण त्यांना तिच्यातूनच गेलं."

"हो."

बाहेर कुणी सातबाऱ्याची प्रत मागायला आलं होतं. त्यानं ती काढून दिली, सुटे दिले आणि परत येऊन बसला.

"अहवालात तिचं नाव घालणार?"

"नाव घालत नाहीत. क्रमांक असतो."

"कितवा?"

"एक," तहसीन म्हणाली.

मग तिनं त्यालाही फुंकणीत श्वास सोडायला लावला. निकाल दुसऱ्या दिवशी आला. बुरशी त्याच्यातही होती, वैजयंतावरून निघालेली, त्या बदललेल्या दोन्ही अक्षरांसकट.

"तुम्हाला ती काही करणार नाही. महिन्याभरात आपोआप जाईल. तोवर या लोकांच्या जवळ जायचं नाही. घरात तर नाहीच."

"यावर औषध असतं का? लवकर घालवायला?"

"देत नाही आम्ही. गरज नसते."

तिची म्हणावी अशी जिवंत गोष्ट आता तेवढीच उरली होती आणि ती त्याच्या छातीत होती. ती लवकर जावी की राहावी, हे त्याला ठरवता येईना. त्यानं ते तहसीनला सांगितलं नाही.

मंगळवारी तहसीन आणि दोन आरोग्यसेविका सरकारी गाडीनं खैरवाडीच्या फाट्यावर गेल्या. दोन तास थांबल्या. गाडीवरची अक्षरं बघून गावातली निम्मी दारं लागली. कुणी आलं नाही. कुलथे फोनवरून म्हणाले, पंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा करा, पांढरी गोळी घेणाऱ्यांनी पुढं यावं. तहसीन म्हणाली, साहेब, असं केलं तर एकही पुढं येणार नाही, आणि जे आज गोळी घेतायत तेही उद्या टाकून देतील.

मल्हारी पाठीमागून स्कूटरवर आला होता. त्यानं विचारलं, "आत जायचं नाही. पण फाट्यावर उभं राहिलं तर चालेल ना? मी तर तिथंच उभा असायचो."

"उघड्यावर, मास्क लावून, वीस हात लांब. चालेल."

त्यानं गाडी दीड किलोमीटर मागं नेऊन उभी करायला लावली. बाटल्यांची पिशवी पिंपरणीच्या झाडाखालच्या दगडावर ठेवली. स्वतः रस्त्याच्या पलीकडे गेला. स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजवला, आणि मोठ्यानं ओरडला,

"मॅचिंग फॉल आलाय! मॅचिंग फॉल!"

औषध आलं की वैजयंता फोनवर हेच म्हणायची. साडीवाल्या गिऱ्हाइकांना ती "साडी झाली" म्हणायची. मॅचिंग फॉल फक्त त्यांच्यासाठी. हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. पण इतकी वर्षं एका खोलीत राहून त्याला ते कळलं होतं, आणि कळलंय हेही त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

पहिली आली ती एक ठसकेबाज बाई, हातात काही नाही, कमरेवर हात. "काय ओ, माझी मोतिया रंगाची साडी तिच्याकडंच हाय! लग्नात नेसायची होती, लग्न होऊन पोरगी नांदायला बी गेली! कुठं हाय ती?"

"ती वारली, बाई. साडी मी आणून देतो."

बाईचे हात कमरेवरून खाली आले. "अगं बाई," ती म्हणाली. "राहू दे मग साडी."

"आणून देतो. थोडीच राहिलीय ती."

ती गेल्यावर बराच वेळ कुणी आलं नाही. मग बांधावरून एक म्हातारा आला, पिशवीकडे न बघता, शेळी शोधत असल्यासारखा. त्याच्या मागून अंतर ठेवून एक बाई. मल्हारीनं त्यांना रस्त्यापलीकडून सांगितलं: पांढरी गोळी बंद, पिवळं औषध रोज जेवताना, खोकला-ताप आला तर बाटलीवरच्या नंबरावर फोन, बाईमाणूस उचलेल. त्यांनी बाटल्या घेतल्या. म्हाताऱ्यानं जाताना दगडाला हात लावून नमस्कार केला, देवापुढे करावा तसा. ते मल्हारीला बघवलं नाही.

त्या मंगळवारी सहा बाटल्या गेल्या. शुक्रवारी सात.

शुक्रवारी तिकुंड्याच्या टाकीपाशी एक चाळिशीचा माणूस आला. हातांना ग्रीस लागलेलं, अंगात गॅरेजचा शर्ट. बाटली उचलली, पण गेला नाही.

"तायडीला काय झालं?"

"न्यूमोनिया."

"पांढरी गोळी चालू असताना?"

"हो."

"माझ्या शेजारचा दगडू याच्यानंच गेला. माझ्यानं गाडी ढकलवत नाही आता, दम लागतो." त्यानं बाटलीचं झाकण फिरवलं, परत घट्ट केलं. "हे आमच्यात आलं कुठून, आवटीभाऊ? तुम्हाला सांगितलं असेल डॉक्टरनं."

वीस हातांवर तो उभा होता. मधे रस्ता, रस्त्यावर ऊन. मल्हारीला एवढंच म्हणायचं होतं की, कळत नाही. तहसीननं अहवालात नाव घातलं नव्हतं. क्रमांक एक. दगडूच्या घरी कुणाला कळणार नव्हतं. ज्या बाईनं दहा वर्षं यांच्या चुलीपाशी बसून यांना जगवलं, तिला आता मल्हारीनंच यांच्यापुढे उभी करायची?

पण हा माणूस पुन्हा कुणाशी तरी बोलणार होता. पांढरी गोळी नीट न घेतल्यामुळे दगडू मेला, असं एखाद्यानं ठरवलं असतं. किंवा पांढरी गोळीच खोटी, सगळ्याच गोळ्या खोट्या, असं. मग पिवळ्या औषधावरही कुणी विश्वास ठेवला नसता.

"तिच्यातून आलं," मल्हारी म्हणाला. "तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. ती खोकत यायची आणि तुमच्यात बसायची. तुमची गोळी खोटी नव्हती. हा रोगच नवा आहे, त्या गोळीला न ऐकणारा. पिवळं औषध ऐकतं. आणि माझ्यातही आहे ते अजून, म्हणून मी पलीकडून बोलतोय."

त्या माणसानं बाटली वर उचलली. मल्हारीला वाटलं, आता बाटली रस्त्यावर फुटणार. त्यानं बाटली फोडली नाही. काखेत धरली, रस्त्याच्या कडेला थुंकला आणि म्हणाला, "हे तुम्ही सांगायला नको होतं. मी आता दगडूच्या बायकोला काय सांगू?"

"तुम्हाला पटेल ते सांगा."

"तिची बाटली द्या," तो म्हणाला. "तीबी हाय यादीत. तिच्या दाराशी मी ठेवतो."

मल्हारी दुसरी बाटली ठेवायला दगडाकडे निघाला आणि आठवण होऊन थांबला. "पिशवीतून तुम्हीच घ्या," तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी नऊ बाटल्या गेल्या, आणि मल्हारीच्या लक्षात आलं की दोन जण त्याच्याकडे न येता परस्पर दुसऱ्याकडून आपली बाटली मागवून घेतायत. गॅरेजवाल्याचं बोलणं पुढं गेलं होतं. काहींनी वैजयंताला शिव्या घातल्या असतील. औषध घेतलं होतं. तहसीन म्हणाली, एवढं पुरे. मल्हारीला ते पुरेसं वाटलं नाही, पण त्यानं मान हलवली. ऑक्सिजनवरची मुलगी त्याच आठवड्यात घरी गेली. पत्ता तिनं परत तोच सांगितला, दोनशे बारा, आणि तहसीननं तो तसाच लिहून घेतला.

कुलथ्यांनी गल्लीच्या पट्ट्या काढायला लावल्या, पण खुलासा कुणाला केला नाही. सामाईक दोरी अजून परत बांधली गेलेली नाही. हौसाकाकू मात्र एका दुपारी आली, खिडकीशी बसली आणि मशीनवर अर्धवट राहिलेल्या साडीचा फॉल तिनं हातानं पुरा करून दिला. "ही कुणाची?" तिनं विचारलं. मल्हारी म्हणाला, "खैरवाडीची. मोतिया." ती त्यानं नेऊन दिली.

महिना पुरा झाल्यावर तो जिल्ह्याला जाऊन परत फुंकणीत श्वास सोडून आला. तहसीननं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, काही सापडलं नाही.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, काका. गेली."

"बरं," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं दुकान उघडलं नाही.

आता त्याला फाट्याच्या पुढं जायला हरकत नव्हती. तो जाऊ लागला. जिथली बाटली कुणी उचलली नव्हती त्या थांब्यांवर हॉर्न वाजवून, ओरडून झाल्यावर स्कूटर लावायची आणि गावात पायी शिरायचं. पण कुठल्या दाराशी थांबायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तर काय म्हणून विचारायचं, तेही नाही. कुणाची साडी राहिलीय का, असं तो विचारायचा. बायका मान हलवायच्या.

अठ्ठावीस बाटल्यांतल्या पंचवीस गेल्या. तीन त्याच्या दुकानात झेरॉक्स मशीनखालच्या कप्प्यात आहेत. पवनचक्की नंबर एकोणीसला तो पाच वेळा जाऊन आला, डाळिंबाच्या शेडपाशी सहा वेळा. वैजयंताचा फोन गेल्या तीन आठवड्यांत वाजलेला नाही. तिघं जण अजून पांढरीच गोळी घेत आहेत.